भाऊसो हलले नाहीत ती दुपार

संघप्रिया कुरणे यांची सगळी नोकरी जयसिंगपूरच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवण्यात गेली. सकाळी कोल्हापुरातून एसटी, संध्याकाळी परत. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला पोरं बसवायची म्हणजे स्थिरचित्र आलंच. टेबलावर चादर, चादरीवर पितळी तांब्या, दोन वांगी, एक काचेची बाटली. बाईंनी पोरांकडून इतकी वांगी काढून घेतली की घरी भाजी चिरायला बसल्यावरसुद्धा आधी सावली कुठं पडलीय ते दिसायचं. मनातून त्यांना माणसं काढायची होती. चालणारी, बसणारी, वाकून चप्पल शोधणारी. पण वर्गात तासभर बसवायला माणूस कुठून आणणार? घरात त्या एकट्याच. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर सिद्धार्थनगरातल्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचे कागद.

निवृत्त झाल्या आणि लगेच टाऊन हॉलच्या बागेत जाऊन बसायला लागल्या. घरापासून चालत जाण्याएवढी जवळ. उंच जुनी झाडं, दगडी म्युझियम, आणि रस्ता ओलांडला की सीपीआर, मोठा सरकारी दवाखाना. त्यामुळं दुपारच्या वेळी बागेत फिरायला आलेल्यांपेक्षा वाट बघत बसलेली माणसंच जास्त असायची. पलीकडं कुणाचं तरी ऑपरेशन चाललेलं असायचं, आणि इकडं झाडाखाली कुणीतरी डबा उघडून, भाकरीचा तुकडा हातात धरून नुसतंच बसलेलं असायचं. बाई त्यांना काढायच्या. मांडीवर पॅड, पॅडभोवती वर्तमानपत्र, डोळ्यांवर गॉगल. बघणाऱ्याला वाटावं, बाई शब्दकोडं सोडवतायत.

माणसाला आपलं चित्र निघतंय हे कळलं की ते केस सारखे करतं, पोट आत घेतं आणि सगळं बिघडतं, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं. म्हणून त्या कुणाशी बोलायच्या नाहीत. नाव विचारायच्या नाहीत. कुणी रडत असलं तरी उठायच्या नाहीत. रडणाऱ्या माणसाचे खांदे कसे खाली येतात ते बघायच्या.

त्यांची मैत्रीण फातिमा शेजारच्या गल्लीत शिलाईकाम करायची. दोघी एका बाकावर बसून शिकलेल्या. फातिमा एकदा चित्रं बघून म्हणाली होती, "संघे, ही माणसं दुःखात हायत गं. त्यास्नी एकदा तरी पाणी हवं का इचारतीस का न्हाय?"

"विचारलं की ती मला बघायला लागतात," बाई म्हणाल्या. "मग चित्र होत नाही."

त्या हिवाळ्यात बागेत एक म्हातारा रोज यायला लागला. पांढरी टोपी, धोतर, अंगात लेकीनं किंवा सुनेनं दिलेला असावा तसा निळा स्वेटर. त्याला एक मिनिट एका जागी बसवत नसे. कनवटीची चंची काढायची, तंबाखू मळायची, अर्धी टाकायची, उठून झाडाला हात लावून बघायचं, खारीशी बोलायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला "काय पावणं, कुठलं?" म्हणून अडवायचं. बाईंनी त्याला काढायचा किती तरी वेळा प्रयत्न केला. पाठ निघायची तोवर तोंड फिरलेलं. हात निघायचे तोवर तो उठलेला. चेहरा फार चांगला होता, हाडाहाडाचा, उन्हात तापलेला. एकदा त्यानं त्यांनाही हटकलं, "काय बाई, पेपर लई वाचताय!" बाई नुसत्या हसल्या आणि पान उलटल्यासारखं केलं.

मग ती दुपार आली. मार्गशीर्ष सुरू होता, हवेत गारवा. बागेत तुरळक माणसं. म्हातारा समोरच्याच दगडी बाकावर बसून तंबाखू मळत होता. असरची, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची बांग झाली, आणि थोड्याच वेळात त्याच्या डाव्या हातातून चंची खाली पडली. तो ती उचलायला वाकला नाही. बाईंनी थोडी वाट पाहिली. तो हललाच नाही. बाकाच्या पाठीला टेकून, मान किंचित एका बाजूला टाकून तो बसून राहिला.

बाईंचा हात भराभर चालायला लागला. आज सापडला, एवढंच त्यांच्या मनात होतं. डोळा लागला असेल म्हातारपणी. उजेड कलता होता, चेहऱ्याची एक बाजू उजळलेली आणि दुसरी सैल पडलेली. डाव्या ओठाचा कोपरा खाली आला होता. बाईंनी तो तसाच काढला. कोपऱ्यातून लाळेची बारीक रेघ आली, तीही काढली. टोपी घसरून मांडीवर पडली, तेव्हा डोक्याचा आकार उघडा झाला म्हणून त्यांना बरंच वाटलं. मध्येच त्याचे डोळे उघडे असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. ते त्यांच्याकडंच बघत होते. त्याच्या तोंडून काहीतरी आवाजही निघाला, घोगरा, शब्द नसलेला. झोपेत बरळतोय, बाईंनी स्वतःला सांगितलं आणि पापणीची रेघ पुरी केली.

ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं तेव्हा चित्र संपलं. आयुष्यात असं चित्र त्यांच्या हातून झालं नव्हतं. म्हाताऱ्याची झोप मोडायला नको म्हणून त्या बाकाला वळसा घालून, पाय न वाजवता बाहेर पडल्या.

दिवे लागायच्या वेळेला फातिमा ब्लाऊज द्यायला आली. बाईंनी चित्र भिंतीला टाचून ठेवलं होतं. "बघ की," त्या लहान पोरीसारख्या म्हणाल्या.

फातिमा जवळ गेली आणि तिचा चेहरा बदलला. "संघे, ह्येचं तोंड असं वाकडं का काढलंस?"

"होतंच तसं."

"आणि ह्यो हात? असा लोंबतोय तो?"

"होता तसाच."

"अगं, ह्ये झोपल्यालं माणूस न्हाय. अंगावरनं वारं गेलंय ह्येच्या! माझी अम्मी अशीच बसली हुती न्हव का मोरीपाशी. कुठं हाय ह्यो माणूस?"

बाई चप्पल न घालताच जिन्यावरून उतरल्या. फातिमा मागनं त्यांची चप्पल हातात घेऊन धावत आली.

बाक रिकामा होता. चंची तेवढी खाली पडलेली. बागेचा वॉचमन आत्ता कुठं फाटक लावत होता. "बाग बंद करताना बघितलं तर हे असं," तो म्हणाला. "मी आणि भेळवाल्यानं उचलून पलीकडं नेलं. खिशात मोबाईल हुता, लेकीला लावला. तुमच्यातलं हायत काय?"

बाईंनी मान हलवली. हो का नाही, ते त्यांनाही कळलं नाही. चंची उचलून त्यांनी पदरात बांधली.

दवाखान्यात अपघात विभागाच्या दाराशी तिशीतली एक बाई रडू आवरत उभी होती. म्हाताऱ्याची मुलगी, क्रांती. तिच्या बोलण्यातून कळलं ते असं. म्हाताऱ्याचं नाव भाऊसो. बिद्रीच्या साखर कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. बायकोच्या, पारूबाईच्या, गुडघ्याचे उपचार चालू होते म्हणून दोघं लेकीकडं येऊन राहिलेली. फ्लॅटमध्ये करमत नाही म्हणून भाऊसो दुपारी बागेत येऊन बसायचे. एक तरुण डॉक्टरीण क्रांतीला विचारत होती, "यांना शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं? नेमकं किती वाजता?"

"आई म्हणत्या, एकला जेवून बाहेर पडलेत. त्यानंतरचं कुणालाच माहीत नाही."

"एक म्हणजे फार उशीर झाला," डॉक्टरीण म्हणाली. "रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वेळ नक्की नसेल तर मला देता येणार नाही. उलट जीवावर बेतेल."

बाई दोन पावलं मागं उभ्या होत्या. वेळ त्यांना ठाऊक होती. जगात त्या एकट्यांनाच ठाऊक होती. पण ती सांगायची म्हणजे पुढचा प्रश्न येणार, मग तुम्ही काय करत होता? भिंतीवरचं घड्याळ चालत होतं आणि त्या गप्प होत्या. फातिमानं त्यांचा दंड धरून दाबला.

"असरची बांग झाली तेव्हा ते बरे होते," बाई म्हणाल्या. "मी पाहिलं. दोन्ही हातांनी तंबाखू मळत होते."

डॉक्टरीण वळली. "नक्की?"

"बांग साडेचारला होते," फातिमा मध्ये बोलली. "घड्याळ लावून बघा."

"त्यानंतर पाहिलंत?"

"नाही," बाई म्हणाल्या. "जाता जाता पाहिलं होतं. मग मी घरी गेले."

डॉक्टरीण आत पळाली. तपासणी झाली, इंजेक्शन दिलं गेलं. त्या रात्री भाऊसो वाचले.

डाव्या अंगातली ताकद मात्र अर्धीच परत आली. पाय ओढत चालेल, हाताचं सांगता येत नाही, बोलणं हळूहळू सुधारेल, असं सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण क्रांतीला सहज म्हणाली, "वेळ कळली म्हणून एवढं तरी झालं. अजून तासभर आधी आणलं असतं तर हातही वाचला असता कदाचित." बाई तेव्हा मोसंबी घेऊन दारातच उभ्या होत्या. तासभर. तोच तास घरी भिंतीवर टाचलेला होता.

आणि मग त्यांच्यावर उपकारांचा मारा सुरू झाला. क्रांती येईल त्या नातेवाइकाला सांगायची, "ह्या बाईंनी वेळ सांगितली म्हणून अण्णा राहिले." पारूबाई काठी टेकत आल्या आणि बाईंच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "तुमी नसता तर माझं कुकू गेलं असतं की ओ! कोण कुठलं माणूस, पर देवावानी उभा ऱ्हायलासा."

बाईंना ते बोटांचं मोडणं ऐकवेना. घरी येऊन त्यांनी चित्र काढून कपाटाच्या वर, भिंतीकडं तोंड करून ठेवलं. जेवायला बसलं की घास फिरायचा. त्या तासाची त्या पुन्हापुन्हा उजळणी करायच्या. चंची पडली तेव्हा उठले असते तर? लाळ दिसली तेव्हा? टोपी पडली तेव्हा? रस्ता ओलांडला की दवाखाना होता. हाक मारली असती तर वॉचमन आला असता. दर वेळी त्या तासाच्या शेवटी त्यांना तो घोगरा आवाज ऐकू यायचा, आणि तिथं त्या उठून भांडी घासायला लागायच्या.

फातिमा म्हणाली, "गप ऱ्हा आता. तुला काय ठावं हुतं? वाचला न्हवं माणूस? आता खरं सांगून कुणाचं काय भलं हुणार हाय?"

"तुला चित्रात कळलं," बाई म्हणाल्या. "मी तर माणूस बघत होते."

फातिमानं ताट त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

भाऊसोंना घरी आणल्यावर क्रांतीनं बाईंना जेवायला बोलावलं. भाऊसो खुर्चीत बसले होते, डावा हात उशीवर ठेवलेला. बाईंना बघून त्यांचे डोळे थांबले. ओठ हलवायला त्यांना फार वेळ लागला. "ह्या... हुत्या," ते म्हणाले. "समोर... हुत्या."

"व्हय व्हय," पारूबाई कौतुकानं म्हणाल्या, "ह्यांनीच तर वेळ सांगितली. त्यास्नी सगळं ध्यानात हाय बघा!"

भाऊसो बाईंच्याकडं बघतच राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. विचारल्यासारखं काहीतरी होतं. बाईंनी पुरणपोळी अर्धी टाकली, डोकं दुखतंय म्हणून उठल्या, आणि पुढं बरेच दिवस तिकडं फिरकल्या नाहीत. क्रांतीचे फोन त्यांनी उचलले नाहीत. बागेकडंही गेल्या नाहीत.

भाऊसो-पारूबाई गावी परतणार असं फातिमाकडून कानावर आलं तेव्हा मात्र बाईंनी कपाटावरून चित्र काढलं, पिशवीत घातलं आणि क्रांतीच्या घरी गेल्या. बांधाबांध चालली होती. त्या बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच बोलल्या, कारण बसलं तर जमणार नाही असं त्यांना वाटलं.

"मी जाता जाता पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी समोर बसून यांचं चित्र काढत होते. हातातली चंची पडल्यापासून ऊन जाईपर्यंत. तोंड वाकडं झालेलं मला दिसत होतं. मी उठले नाही. तुम्ही माझे उपकार मानू नका."

बाईंनी कागद पलंगावर ठेवला. पारूबाई वाकल्या, बघितलं, आणि त्यांचा हात आपोआप नवऱ्याच्या खांद्यावर गेला.

"माणूस जात हुता," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि तुमी ह्येच्या लाळंची रेघ वडत हुता?"

"हो."

"आई," क्रांती काही म्हणणार होती, पण भाऊसोंनी उजवा हात वर केला. चित्राकडं बघत, एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले, "हाक... मारली... मी. तुमास्नी."

बाईंना वाटलं होतं, हे त्यांच्या तोंडून येणार नाही. झोपेतलं बरळणं म्हणून तो आवाज त्यांनी इतके दिवस बाजूला सारून ठेवला होता.

"ऐकली मी," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आली होती."

पारूबाईंनी चित्र उलटं करून बाईंच्या हातात दिलं. "जावा आता," त्या म्हणाल्या. "आमची गाडी यील."

बाई जिना उतरल्या. हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट इतके दिवस जे एकटीचं होतं ते आता त्या घरातही राहणार, एवढंच वाटलं. क्रांती मागून गॅलरीत आली होती, पण तिनं हाक मारली नाही.

नंतर बाई बागेत जायला लागल्या, पण चित्र पुरं होईना. कुणी डोळे मिटले की त्या पॅड ठेवून उठायच्या. "बरं वाटतंय ना?" एकदा परीक्षेचा अभ्यास करता करता पेंगलेल्या पोराला त्यांनी हलवून जागं केलं. तो वैतागला, "काय ओ काकू, झोपू द्या की!" फातिमा हसली. बाईंना हसू आलं नाही. चित्र त्यांनी फाडलं नाही. फाडण्याचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत होतं, आणि ठेवण्याचाही नाही.

फेब्रुवारीत एका गुरुवारी त्या बिद्रीच्या एसटीत बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं. कारखान्याचा हंगाम भरात होता, रस्त्याच्या कडेला उसाचे ट्रॅक्टर उभे, हवेत मळीचा आंबूस वास. विचारत विचारत त्या घरी पोचल्या. पारूबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, ओळखलं, आणि फोडणं चालूच ठेवलं.

"मी माफ केलं असं समजून आला असशीला तर तसं काय न्हाय बरं का," त्या म्हणाल्या.

"मी माफी मागायला नाही आले."

"मग कशाला आलासा?"

"बघायला. कसे आहेत ते."

"बघायला तर लई चांगलं येतंय तुमास्नी," पारूबाई म्हणाल्या.

बाईंनी मान खाली घातली. बसा म्हणून कुणी म्हणालं नाही, म्हणून त्या उंबऱ्याशी उभ्याच राहिल्या. आतून भाऊसोंचा आवाज आला, "कोण... हाय गं?"

पारूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "कोल्हापूरच्या बाई आल्यात," त्या आत ओरडल्या. मग बाईंना म्हणाल्या, "त्यास्नी रोज रस्त्यापातूर चालवायला सांगितलंय. माझ्या गुडघ्यात जीव न्हाय. उभ्याच हायसा तर धरा जरा."

बाईंनी भाऊसोंना डाव्या बाजूनं धरलं. हात गार आणि जड होता, बोटं अर्धवट मिटलेली. एक पाय टाकला की दुसरा मातीवरून ओढत यायचा, मग थांबायचं. भाऊसो वाटेत काही ना काही बोलत होते. कारखान्याचा भोंगा, पहिल्या हंगामात भाजलेला पाय, कुठला तरी मेलेला बैल. निम्मं कळत नव्हतं. बाई दर वेळी विचारत होत्या, "काय म्हणालात?" आणि ते पुन्हा सांगत होते. रस्त्याला लागल्यावर एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "काय अण्णा, पावणं कोण?" भाऊसोंनी बाईंच्याकडं बघितलं, थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "बाई... हायत. चित्राच्या."

परतल्यावर पारूबाईंनी स्टीलच्या पेल्यात चहा आणून ओट्यावर ठेवला आणि पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसल्या. भाऊसोंचा खुर्चीतच डोळा लागला. बाई त्यांच्या छातीकडं बघत बसल्या, श्वास चालतोय ना म्हणून, चहा निवेपर्यंत.

निघताना त्या पारूबाईंना म्हणाल्या, "येते मी."

पारूबाईंनी वर बघितलं नाही. बाई फाटकापाशी पोचल्या तेव्हा मागून आवाज आला, "पुढच्या बेस्तरवारी येणार असशीला तर सकाळच्या गाडीनं या. दुपारचं त्ये झोपत्यात."